थोरल्या साडूंचा ओटा

जालना जिल्ह्यात धंदा बिलकुल कळत नाही असा एकच माणूस शिल्लक आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाकी आमच्या जिल्ह्यात बियाण्यापासून भंगारापर्यंत सगळं विकलं जातं. पाहुणा म्हणून आलेला माणूससुद्धा जाता जाता काहीतरी गळ्यात मारून जातो. मी स्वतः जाफराबादला बैलांचा व्यापार करतो. दुसऱ्यांची जनावरं पायी बाजारात पोचवण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या दावणीला माझ्या जोड्या उभ्या असतात. हे मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. एकेक बैल मी भांडून घेतला आणि भांडून विकला. अशा माणसाच्या नात्यात हा असा माणूस! ज्यानं सकाळी चार ओळी लिहिल्या की भोकरदन तालुक्यातली गावंच्या गावं त्या चहाबरोबर वाचतात, आणि जो त्यातून एक रुपया काढायला तयार नाही. वर विजेचं बिल स्वतःच्या पेन्शनमधून भरतो. लोक म्हणतात, फार मोठ्या मनाचा माणूस. मला विचाराल तर त्या मनात एक लहानसं दुकान निघालं असतं.

साडू हसनाबादला राहतात. उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, कानाला यंत्र लावून तारा जोडण्यात. अजून दाराची कडी वाजली तरी ते आतून 'हॅलो' म्हणतात. जेवायला बसलेला माणूस गप्प दिसला की विचारतात, 'लाइन कट झाली का?' पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, एक्स्चेंजला कुलूप लागलं आणि साडू घरी आले. रिटायर झालेली माणसं देवळाला लागतात, नाहीतर डॉक्टरला. साडूंनी एक जुना कॉम्प्युटर आणला, ज्वारीच्या कोठीशेजारी मांडला, छतावर सोलरची पाटी बसवली आणि महिनोन् महिने त्याच्यापुढं बसून स्वतःचं एक लहानसं सोशल मीडिया उभं केलं. नाव ठेवलं ओटा. यंत्र चालू झालं की घरात गिरणी लागल्यासारखा आवाज येतो. अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो हवाबंद लोणच्याचा प्रकार वाटला.

"म्हंजी ग्रुपच की," मी म्हणालो.

"ग्रुप कंपनीच्या घरात असतो, पाव्हणं. कंपनीनं कुलूप लावलं की तुम्ही रस्त्यावर. हे आपलं घर हाय. एक्स्चेंजवाणी. हसनाबादचं हसनाबादचं, दुसऱ्या गावचं दुसऱ्या गावचं. मालक येगयेगळे, पण तार एकमेकाला जोडेल हाय. तिकडचा इकडं बोलतो, इकडचा तिकडं. मधी कुणी शेठ न्हाई."

"शेठ न्हाई तर चालतं कसं?"

"चालून राह्यलं की," साडू म्हणाले.

आणि खरोखर चालत होतं. जांब समर्थ गावच्या एका मास्तरांनी असंच स्वतःचं एक्स्चेंज काढलं होतं, त्याचं नाव पार. तिथली माणसं या ओट्यावर येऊन बोलत, इथली तिथं जात. एवढंच नाही, जर्मनीतला एक रिटायर रेल्वेवाला कुठल्या तरी तिकडच्या ओट्यावरून साडूंशी जोडला गेला होता. त्या दोघांची मैत्री तांब्याच्या तारेवर जमली. भाषांतर करणारं बटण दाबून ते गंजलेल्या वायरीविषयी तासन् तास बोलतात. मी एकदा विचारलं, त्याला सोयाबीन पाठवता येईल का. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी त्यांच्या मित्राला कापायला मागतो आहे.

ओट्यावर यायचं तर नाव टाकलं, बटण दाबलं, असं चालत नाही. आधी साडूंच्या घरी जाऊन चहा प्यावा लागतो. साडू समोर बसून कुणाचे कोण, शेत कुठल्या शिवारात, मामाचं गाव कोणतं, हे सगळं विचारतात. सोयरिकीला आल्यासारखी चौकशी. पसंत पडलात तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून हातात देतात आणि म्हणतात, "घरी गेल्यावर बदला बरं का. मला बी म्हाईत नको." माणूस स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच फेकून देतो, ही तऱ्हा! एकदा एका पुढाऱ्याचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला. म्हणाला, "काका, सायबांचे पाच हजार कार्यकर्ते एकदम टाकून घ्या ओट्यावर." साडू म्हणाले, "पाठवा की. पण येकायेकाला. चहा प्याय लागंल." तो हसला. साडू हसले नाहीत. आतून अक्कांचा आवाज आला, "पाच हजार कप? गॅस काय सायबाचा हाय का?" गाडी वळवताना त्या माणसानं तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा उडवला, त्याचीही साडूंनी तक्रार केली नाही. मी असतो तर गाडीची चावी काढून घेतली असती.

आपली पोस्ट किती जणांनी बघितली, किती जणांना आवडली, हे ओट्यावर दिसत नाही. साडूंनी ते आकडे काढून टाकले आहेत.

"काहून?" मी विचारलं.

"घरी पाव्हण्याला जेवाय घातलं तर त्याच्या भाकरी मोजता का तुम्ही?"

"मोजतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

कुणाचं बोलणं वर आणि कुणाचं खाली, हेही ठरलेलं. जो आधी बोलला तो आधी. गिरणीत डबे लावतात तसं. आमदाराचा डबा असो की आमदाराच्या ड्रायव्हरचा. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला साडू सरळ ओटा बंद करतात. 'जेवून घ्या. लाइन तासाभरानं चालू होईल,' एवढं लिहायचं आणि उठायचं. जर्मनीतल्या त्या माणसाची तेव्हा न्याहारी चालू असते, त्याचंही वाक्य अर्धं तुटतं. जगातल्या सगळ्या कंपन्या माणूस फोनला कसा चिकटून राहील यासाठी झटतात, आणि आमचे साडू गिऱ्हाईक हाकलून स्वतः वरण-भात खातात.

भांडणाची तऱ्हा तर विचारूच नका. एकदा पाइपलाइनवरून दोघांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या आईवरून लिहिलं. दुसरीकडं असतं तर एक बटण दाबून माणूस बाहेर. साडूंनी मोपेड काढली, थेट त्याच्या अंगणात जाऊन बसले आणि म्हणाले, "तू लिव्हलं ते जरा तोंडानं वाचून दाव." त्याची स्वतःची आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. त्या गड्यानं आपल्याच अंगठ्यानं ते पुसून टाकलं. साडू शेंगा खाऊन परत आले. एका शिवीसाठी जाऊन-येऊन केवढं पेट्रोल जाळलं, याचा विचार त्यांच्या स्वप्नातही आला नसेल.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते जाहिरातीवरून. एक चांगली जोडी विकायची होती, म्हणून मी ती ओट्यावर सकाळी टाकली, दुपारी टाकली, संध्याकाळी पुन्हा टाकली. साडूंनी पहिली ठेवली, बाकीच्या पुसल्या. मी फोन लावला.

"पाव्हणं, एकदा सांगितलं, लोकायनं ऐकलं. तेच तेच सांगणारा एक तर बहिरा, न्हाईतर दलाल."

"मंग मी कोण हाय?"

साडू म्हणाले, "हां. ते बी हाय म्हणा."

मी त्याच दिवशी ओटा सोडला आणि मोठ्या कंपनीच्या रीलच्या अॅपवर गेलो. काय सांगू, तिथं काय मान! फेटा बांधून, जोडी मागं उभी करून, हात लांब धरून स्वतःच व्हिडिओ काढायचा, खाली गाणं लावायचं. बघता बघता हजारो माणसं मागं लागली. कोल्हापूरहून आवडीचे लाल बदाम येत, नांदेडहून येत. त्या बदामांवर एकही बैल विकला गेला नाही हे खरं, पण छाती फुगायची ती फुगली. बायको म्हणाली, "दावणीला कमी आन् आरशापुढं जास्ती उभे राहून राह्यले तुम्ही." मी लक्ष दिलं नाही.

अशातच मी चांद्या-सर्जाची जोडी विकली. घेणारा हसनाबादजवळच्या खेड्यातला, तिशीचा. वडील थकले म्हणून कंपनीतली नोकरी सोडून शेती करायला आलेला. आता, बैल जुवाला लहानपणापासून एकाच अंगाला शिकतो. उजवीकडचा बैल डावीकडं जुपला तर बिथरतो, नाहीतर बसतो. मी पैसे घेतानाच तोंडानं सांगितलं होतं, चांद्या उजव्या अंगाला. तो 'बराबर, बराबर' म्हणून गेला. आणि काही दिवसांनी त्याची रील आली. नांगराच्या तासात चांद्या पाय मुडपून बसलेला, शेजारी माझा फेट्यातला हसरा चेहरा, मागं बासरी. वर लिहिलेलं, 'जाफराबादच्या व्यापाऱ्याची कमाल.' चांद्या त्या वावरात बसला नाही, अख्ख्या महाराष्ट्रात बसला.

मी गप्प बसणारा माणूस नाही. मीही व्हिडिओ टाकला, 'हिंमत असंल तर माझ्या दावणीला येऊन बोल.' तो त्याच्या रीलपेक्षा जोरात पळाला. मी जितका ओरडायचो तितका तो पुढं जायचा. माझ्या शिरा ताणलेल्या तोंडावर कुणीतरी डीजेचं गाणं बसवलं. आणि त्या अॅपचा निरोप आला. अभिनंदन, तुमचा व्हिडिओ छान चालतो आहे, आणखी लोकांपर्यंत पोचवायचा असेल तर पैसे भरा. म्हणजे माझी अब्रू वाटायची, आणि तिची हमालीही माझ्याकडून! मी लिहिलं, खोटी रील काढा. यंत्राचं उत्तर आलं, नियमात बसते. मी पुन्हा लिहिलं, काय घ्याल ते सांगा, पण माणसाला फोनवर द्या. पुन्हा तेच उत्तर, शब्दाला शब्द. उभ्या आयुष्यात मी कुठल्या व्यवहाराला घाबरलो नाही, पण तिथं घाबरलो. समोर भांडायला कुणी नव्हतंच.

खरा दणका बसला तो भोकरदनच्या बैलबाजारात. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकतात, त्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून सौदा होतो. बघणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून समोरच्या हातावर भरवसा लागतो. त्या दिवशी मी रुमाल धरून उभा राहिलो आणि कुणी हात घातला नाही. पोरं लांबून फोटो काढत होती. माझ्याच बरोबरीचा एक व्यापारी जाता जाता म्हणाला, "काय शेठ, रुमाल वाळू घातला का?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी सोडवलं, आणि त्याचीही रील झाली. जोड्या तशाच घरी परत आणल्या. दावणीला बांधताना मला कळलं, हे असंच चाललं तर पुढच्या हंगामाला दावण रिकामी करावी लागेल. नाव गेलेल्या व्यापाऱ्याकडून बैल तर सोडाच, कासरासुद्धा कुणी घेत नाही.

त्यात बायकोनं बातमी आणली की त्या शेतकऱ्यानं हीच तक्रार ओट्यावरही लिहिली आहे. मी साडूंना फोन लावला.

"ती काढून टाका. जल्दी."

"न्हाई काढत."

"मी साडू हाय तुमचा!"

"म्हणून तर दोन डाव इचार केला. तरी न्हाई काढत. तुम्ही दोघं बी या. बैल बी आणा."

आणि ओट्यावर त्यांनी लिहिलं, 'जोडी उद्या माझ्या दारात येतेय. तोवर खरं-खोटं कुणी ठरवू नये. ज्याला बैलातलं कळतं त्यानं काय विचारायचं ते विचारावं.' मी बायकोच्या फोनवर बघत बसलो. बदाम नाही, हसरं तोंड नाही, बासरी नाही. कुणी विचारलं, खांद्याला जखम आहे का. कुणी विचारलं, जू नवं आहे का, आधी पाणी पाजलं होतं का. जांब समर्थच्या पारावरून एकानं विचारलं, जुपला कोणत्या अंगाला?

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी पिकअपमध्ये जोडी घालून आला, बरोबर त्याची आई. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "आले का हिरो?"

"तुझ्या कंपनीत बैल व्हते का रे? तुला कासरा कुठं धरावा हे म्हाईत न्हाई आन् मला शिकिवतो?"

"लाइन सोडा, येकायेकानं बोला," साडू मधे बसले. "बाबा, चांद्या कोणत्या अंगाला जुपला तू?"

"डाव्या."

"मी उजव्या म्हणून सांगितलं व्हतं!" मी ओरडलो.

"ते मी इसरलो व्हतो. म्हणून तुमचीच रील बघितली. जोडी जुवाला उभी हाय त्याच्यात. तोंड आपल्याकडं असल्यावर उजवं-डावं फिरतं, ते बी धरलं मी. चांद्या डावाच येतो. बघा."

त्यानं रील लावली. सगळे वाकले. फेटा, मिशा, मागं जोडी. तो म्हणत होता ते दिसत होतं. चांद्या डाव्या अंगालाच. माझ्याच तोंडानं मी खोटा ठरत होतो. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या, ताट हातात धरूनच त्यांनी फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "दाजी, तुमच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडं कधीपासून?"

सगळ्यांनी फोनकडं बघितलं, मग माझ्या छातीकडं, मग पुन्हा फोनकडं. अंगात तोच सदरा होता. खिसा डावीकडं. साडूंनी फोन घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "सोताकडं तोंड करून काढल्यावर आरशावाणी येतं हे. पाव्हणंच उलटे हायेत, तर बैल सुलटे कसे येतील?"

शेजाऱ्याच्या वावरात जोडी नेली. चांद्या उजव्या अंगाला, सर्जा डाव्या. शेतकऱ्यानं भीत भीत कासरा हलवला आणि चांद्या असा निघाला, जसा कुणीतरी एवढंच करावं म्हणून तो वाट बघत होता. मी मोठ्यानं 'बघितलं का?' म्हणालो. शेतकऱ्यानं हात जोडले. त्याची आई मात्र मला म्हणाली, "बैल इकायचा तर बैल दावावा, भाऊ. सोताला कशाला दावायचं?" मी चूक फोनची आहे असं ठणकावून सांगितलं. अजूनही सांगतो.

शेतकऱ्यानं झालं ते सगळं ओट्यावर लिहिलं. मी काही विनवणी केली नव्हती. पुढच्या बाजारात ओट्यावरचीच माणसं आली, आणि माझ्या रुमालाखाली हात आले. मीही साडूंचा चहा पिऊन पुन्हा ओट्यावर आलो. त्या शेतकऱ्यानं मोठ्या अॅपवरही माफीची रील टाकली, जोडी डौलात चालते आहे, शेजारी आम्ही दोघं. ती कुणी बघितली नाही. नीट चालणारा बैल कोण बघतो? बसलेला चांद्या अजून तिथं पळतो आहे. कालच सोलापूरच्या एकानं मला चोर म्हणून लिहिलं. मी त्याला उत्तर द्यायला बसलो तर साडूंचा निरोप, "तिकडं भांडाय जाऊ नका, पाव्हणं. तिकडं घरी कुणीच नसतं."

परवा मी हसनाबादला गेलो तो भांडायलाच. म्हटलं, एवढा माझ्या बाजूनं निकाल लागला, तो ओट्यावर महिनाभर तरी सगळ्यात वर टांगून ठेवा. साडू चष्मा पुसत होते. आता त्यांना अक्षरं पुसट दिसतात, वाचायचं ते अक्का वाचून दाखवतात. म्हणाले, "रांग हाय. तुमचं खाली गेलं."

"कशाखाली?"

अक्कांनी फोन बघितला. "एकाला नात झाली. एकाच्या हिरीला पाणी लागलं. आन् एका बाईची शेळी चुकली, काळी, एक कान पांढरा."

"माझ्या इज्जतीवर शेळी ठिवली तुम्ही!"

"खाली जाऊ द्या की," साडू म्हणाले. "वर राह्यली असती तर जलमभर तेच राह्यले असते तुम्ही. बैलाच्या लफड्यातले."

मी चहा पिऊन उठलो. परत येताना जीपमध्ये फोन काढला आणि माझी बातमी शोधत खाली खाली गेलो. बऱ्याच वेळानं सापडली. नातीच्या, विहिरीच्या, कुणाच्या दाढदुखीच्या खाली ती निवांत पडली होती. कुणी तिला हात लावत नव्हतं. तिकडच्या अॅपवर मी रोज सकाळी उठून नव्यानं कुणाला तरी फसवतो. इथं माझं सगळं होऊन गेलेलं होतं. मग पुन्हा वर आलो. शेळी अजून सापडली नव्हती. मी खाली लिहिलं, 'जाफराबादच्या रस्त्यानं चाललोय, बघतो.' आणि खिडकीची काच सरकवली.

दिवस मावळायला आला होता, कळप घराकडं वळले होते. काळ्या शेळ्या पुष्कळ दिसल्या. पांढऱ्या कानाची एकही नव्हती. तरी गाव येईपर्यंत मी बघत राहिलो.